बदली करू नये

निर्मळे सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. ते आमच्या उपकेंद्राचे संचालक. सर डोळे चोळायला लागले की समजायचं, आता जे काही पुढ्यात येणार आहे ते आपल्यालाच निस्तरायचं आहे.

"शेटे, हे पाहिलंत?"

पाहिलं होतं. बेरजा मीच केल्या होत्या. एम.एस्सी. रसायनशास्त्र, दुसरं वर्ष, शिक्षकांविषयी विद्यार्थ्यांचा अभिप्राय. प्रा. शिरीन मुजावर, पाचपैकी एक. दीड नाही, सव्वा नाही. सगळ्या वर्गाने सगळ्या प्रश्नांना एकवर गोल केला होता.

"आता यांचा करार पुढे कसा चालवू मी?" सर म्हणाले. "तीनच्या खाली गेलं की नूतनीकरण नाही. करारातच तसं लिहिलंय. त्यात समिती तोंडावर आलीय."

समिती म्हणजे विद्यापीठाचं मूल्यांकन करणारी. ती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागायचा, कुंड्या भाड्याने यायच्या आणि माझ्या अभिप्राय कक्षाची कुणाला तरी आठवण व्हायची. कक्ष म्हणजे एक लोखंडी कपाट आणि मी. मी संख्याशास्त्राचा माणूस, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. विद्यापीठात जे काम कुणालाच नको असतं ते एकदा नीट करून दाखवलं की जन्मभर आपलंच होतं.

आमचं उपकेंद्र तालुक्याच्या गावाबाहेर माळावर होतं. एक इमारत, तीन विभाग आणि न थांबणारा वारा. विद्यापीठाचा मुख्य परिसर लांब, जिल्ह्याच्या शहरात. इथे रुजू झालेला माणूस पहिल्या दिवसापासून तिकडे डोळे लावून बसायचा. दर फेब्रुवारीत मी वर्गावर जाऊन छापील अर्ज वाटायचो. शिक्षक वेळेवर येतात का, विषय समजावून सांगतात का, प्रात्यक्षिकं नीट होतात का. मुलं मान खाली घालून भराभर पाचवर गोल करत सुटायची. अंतर्गत गुण शिक्षकांच्या हातात होते आणि अर्जावर नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं, हे मुलांना पक्कं ठाऊक होतं. मग मी अहवाल लिहायचो की विद्यार्थी समाधानी आहेत. तो मुख्य परिसराकडे जायचा आणि तिथल्या कपाटात पडायचा. पास होऊन गेलेल्यांनाही आम्ही असाच एक अर्ज पाठवायचो. ते बहुतेक परत येत नसत, आणि माझ्या मते तोच त्यांचा अभिप्राय होता.

एकदाच कुणीतरी अहवाल वाचला, तो मुजावर मॅडमच्या या प्रकरणाच्या आदल्या वर्षी. भोसेकर सर सेंद्रिय रसायन शिकवायचे. त्यांच्या अर्जांवर मुलांनी पाच तर दिलेच, शिवाय सूचनांच्या रकान्यात कौतुकाचे निबंध लिहिले. ते कुणा वरिष्ठाच्या नजरेला पडलं आणि सत्र अर्ध्यात असताना भोसेकरांची मुख्य परिसरात बदली झाली. निर्मळे सरांना कोण अभिमान. शाल, श्रीफळ, भाषण. जागा मात्र रिकामीच राहिली. तो पेपर पुढे कुणी शिकवलाच नाही आणि निम्म्याहून जास्त मुलं त्यात नापास झाली. यंदा मुजावर मॅडमनी कुणी न सांगता स्वतःच्या विषयाबरोबर तोही ओढायला घेतला होता. सकाळी शिपाई कुलूप काढायला यायचा तेव्हा त्या पायरीवर बसलेल्या असायच्या.

आणि अशा बाईंना मुलांनी वेळेवर येण्यासाठीसुद्धा एक दिला होता.

मी प्रयोगशाळेत गेलो तेव्हा मॅडम ब्युरेट धूत होत्या. निर्मळे सरांनी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला होता, म्हणजे त्यांना कळलेलं होतं. मी उगाच खिडकीपाशी उभा राहिलो. अशा वेळी काय बोलायचं हे मला कधीच सुचत नाही.

"सर, मला वाटायचं समजतंय त्यांना," त्या म्हणाल्या. "माना हलवायची सगळी."

मी म्हटलं, आकड्यांचं एवढं मनावर घेऊ नका. हे मी, आयुष्यभर आकड्यांवर जगलेला माणूस, सांगत होतो. त्यांनी विचारलं, सगळ्यात कमी कशात दिलेत? मी सांगितलं, सगळ्यात सारखेच. त्यांनी नळ बंद केला. मग स्वतःशीच हिशेब केल्यासारखं बोलू लागल्या. कदाचित दोन्ही विषय एकदम घेतल्यामुळे घाई होत असेल. कदाचित फळ्यावरचं अक्षर बारीक पडत असेल. अब्बांना दवाखान्यात न्यायचं होतं त्या आठवड्यात तयारी कमी पडली होती, तेव्हाचं पोरांनी लक्षात ठेवलं असेल. गेले चार दिवस त्या वर्गात शिकवत नव्हत्या, टिपणं लिहून देत होत्या. स्वतःच्या बोलण्यावरचा विश्वासच उडाला होता त्यांचा. मला फार वाईट वाटलं. नोकरी जाणं एक वेळ समजतं, पण ज्यावर माणूस उभा आहे तेच पायाखालून काढून घेणं काही बरं नव्हे.

"करार संपतोय माझा," त्या म्हणाल्या. "पोरांना कळू देऊ नका तेवढं."

हे सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे तो अलिखित कायदाच होता. निम्म्याहून अधिक शिक्षक कंत्राटी, पण मुलांपुढे ते तोंडातून काढायचं नाही. दारावरच्या पाटीवर सगळेच सहायक प्राध्यापक. करार संपल्यावर मधले दिवस घरी बसावं लागलं की मुलांना सांगायचं, गावी गेलो होतो. मुजावर मॅडम याबाबतीत सगळ्यांत कडक. त्या म्हणायच्या, एवढं शिकूनही मॅडम आपल्यासारख्याच नोकरीसाठी अर्ज करत फिरतात हे कळलं तर पोरांनी शिकायचं कशाच्या जिवावर? मुलांना त्या कायमच्याच वाटायच्या, भोसेकर सरांसारख्या.

त्या दुपारी मी कपाटातून तो गठ्ठा पुन्हा काढला. माणसं एखाद्यावर रागावलेली असली तरी वेगवेगळी रागावतात. कुणी दोन देतं, कुणी तीन, एखादा भाबडा चारही देतो. इथे एकही जण हलला नव्हता. याला मत म्हणत नाहीत, ठराव म्हणतात. सूचनांचे रकाने बहुतेक कोरे होते. एका अर्जावर मात्र कुणालातरी राहवलं नव्हतं. लिहिलं होतं, 'शिकवत नाहीत. तरी बदली करू नये. तिथल्या मुलांचं नुकसान होईल.'

मला आधी हसू आलं. मग मी ते पुन्हा वाचलं.

वर्गाची प्रतिनिधी प्रणोती खिलारे नावाची मुलगी होती. आटपाडीकडची, बापाचं मेंढरांचं खांड, घरातली पहिलीच पदवीधर. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची. मी तिला बोलावलं आणि फक्त एवढंच विचारलं, की हे कुणाचं डोकं?

तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"आमी सगळ्यांनी मिळून ठरवलं, सर."

"का?"

"का म्हंजे? भोसेकर सरांना आमीच घालवलं की. लई चांगलं लिवलं आन् नेलं त्यास्नी. म्या सोता सेंद्रियमधी गेले. मुजावर मॅडमनी तो पेपर पुन्यांदा घोटवून घेतला आमच्याकडनं. रविवारी सुदिक यायच्या. त्यास्नी पण नेलं तर आमी काय करायचं? म्हनून म्हटलं, एक द्यायचा. वाईट मास्तर कोन न्हेत नाय."

मी गठ्ठ्याची दोरी पुन्हा बांधायला घेतली. तिला वाटलं मी रागावलोय. म्हणाली, मॅडमना वाईट वाटू देऊ नका, परीक्षा झाली की आम्ही सगळे जाऊन सांगणार आहोत, पेढे घेऊन.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशातली गत. कंत्राटी माणसाची बदली कधी होतच नाही. त्याला कुठेही नेत नाहीत, एक तर ठेवतात नाहीतर काढतात. मुजावर मॅडमना पाचाला पाच मिळाले असते तरी मुख्य परिसराने ढुंकूनही पाहिलं नसतं आणि त्या सुखाने इथेच राहिल्या असत्या. पण हे पोरांना कसं कळावं? ते कळू नये याचीच तर आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं काळजी घेतली होती.

मी प्रणोतीला जायला सांगितलं आणि तडक संचालकांकडे गेलो.

निर्मळे सर वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, तो गार होईपर्यंत डोळे चोळत बसले. मी म्हटलं, त्या वर्गाचे अर्ज बाद करू, पुन्हा भरून घेऊ. ते म्हणाले, कारण काय लिहायचं?

"मुलांनी खोटं भरलं असं लिहू."

"आणि मग बाकीच्यांचे पाच कुणी खरे मानायचे, शेटे?"

ते पाच किती खरे आहेत हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही माहीत होतं. समितीसमोर विणीचा एक धागा ओढायचा आणि सगळा स्वेटर हातात घेऊन बसायचं, याला सर तयार नव्हते. शेवटी म्हणाले, एक वाट आहे. मुलांनी सह्यांचं निवेदन द्यावं, की या बाईंचा करार संपतोय, त्यांना काढू नका, आम्हाला त्याच हव्यात. ते घेऊन मी कुलगुरूंच्या पायाशी जाऊन बसतो. पण ते मुलांकडून यायला हवं.

म्हणजे मुलांना सांगायला हवं होतं. दोन्ही गोष्टी. मॅडम कंत्राटी आहेत, आणि त्यांना तुम्हीच घालवलंत.

मला ते मॅडमना विचारल्याशिवाय करायचं नव्हतं. संध्याकाळी त्या बस थांब्यावर उभ्या होत्या, वाऱ्याने ओढणी सावरत. मी सगळं सांगितलं. भोसेकर, ठराव, तो सूचनांचा रकाना. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा होत गेला. रकान्यातलं वाक्य मी दोनदा म्हणून दाखवलं, त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं म्हणून. मग त्या हसल्या, आणि हसता हसताच ओढणीने डोळे पुसले.

"म्हणजे मी शिकवत होते, सर."

"शिकवत होता म्हणजे? तुमच्याइतकं कुणी शिकवत नाही इथे."

"मग झालं."

मी म्हटलं, झालं नाही. निवेदनाचं सांगितलं. मुलं सह्याच काय, रक्ताचे अंगठे देतील म्हटलं. त्यांनी मान हलवली. परीक्षा जवळ आली होती, प्रणोतीसकट बऱ्याच जणांचा सेंद्रियचा पेपर राहिलेला होता. आत्ता हे कळलं तर पोरं पेपर लिहायची नाहीत, माझ्या दारात रडत बसतील, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर सांगू. तोवर करार वाढवायची मुदत संपून गेलेली असणार होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"मॅडम, घरी अब्बा आहेत तुमचे. त्यांचं औषधपाणी आहे. नोकरीचा प्रश्न आहे हा."

"नोकरी मिळेल कुठेतरी. रसायनवाल्याला कारखाने आहेत." बस लांबून येताना दिसत होती. "त्यांनी मला ठेवून घ्यायला केलं हे, सर. ठेवून घ्यायला कुणी एवढं केलं नव्हतं माझ्यासाठी. आपल्यामुळे गेल्या, असं त्यांना कळलं तर ते घेऊन कुठे जातील ती पोरं? त्यांना सांगा, मुख्य परिसरात बोलावलं मला."

"हे तर त्यांचंच भय खरं केल्यासारखं होईल."

"होऊ दे. त्यात त्यांची चूक नाही ना राहत."

मी वाद घालायला हवा होता का? कुणी विचारलं तर आजही मी सांगू शकणार नाही. बस आली, त्या चढल्या, खिडकीतून त्यांनी हात केला. मी माळावर एकटाच उभा राहिलो आणि मग तिथेच दगडावर बसलो.

परीक्षा झाल्यावर निरोपसमारंभ झाला. निर्मळे सरांनी भोसेकरांसारखीच शाल आणली, श्रीफळ आणलं आणि आमच्या केंद्राचं आणखी एक रत्न मुख्य परिसराने नेलं, असं इतकं मनापासून सांगितलं की क्षणभर माझाही विश्वास बसला. मॅडम छान बोलल्या. मुलांनी पेढे आणले होते ते कुणी उघडलेच नाहीत. समारंभानंतर प्रणोती व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. एवढं करूनबी नेलंच की सर, असं म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली. अर्जांचं गुपित मुलांनी मॅडमना शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं त्यांना वाटलं असावं.

मॅडम एका औषध कारखान्यात लागल्या. तपासणीच्या प्रयोगशाळेत, पाळ्यांचं काम. निकाल लागला तेव्हा त्यांचाच फोन आला, सेंद्रियमध्ये कितीजण सुटले विचारायला. सगळे सुटले होते. त्यांनी प्रणोतीचं वेगळं विचारलं. मग मी विचारलं, तिकडे कसं वाटतं? म्हणाल्या, इथे नुसत्या बाटल्या, त्यांच्याशी बोलावं लागत नाही, तेवढं बरं आहे. पुन्हा शिकवायचं का, हे मी विचारलं नाही. वर्गातला आवाज फोनवरही त्यांच्या बोलण्यात राहिलेला होता.

पुढच्या हिवाळ्यात पदवीदान झालं. ते मुख्य परिसरातच होतं. त्यानंतर दोन दिवसांनी प्रणोती माझ्याकडे आली, हातात पदवीची गुंडाळी आणि पेढ्यांचा पुडा. मी तिला बसवलं, माजी विद्यार्थ्यांचा अर्ज पुढ्यात ठेवला, तेवढीच एकीची भर. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सर, मॅडम तिथं न्हाईत."

मी तिच्यापुढचा अर्ज उगाच सरळ केला.

"म्या रसायन विभागात गेलते पेढे द्यायला. भोसेकर सर कुठल्या परिषदेला गेलेले. हाफिसात इचारलं, तर ते म्हनले असल्या कोन मॅडम इथं नाईत. आल्याच नाईत म्हनले." ती नेहमीसारखी माझ्या डोळ्यांत बघत होती. "म्हंजे मग, सर…"

हुशार मुलगी होती. मला तिच्या चेहऱ्यावर बेरीज सुरू झालेली दिसली. पहिला आकडा मांडला गेला, हातचा घेतला गेला. आणखी थोडा वेळ मी गप्प राहिलो असतो तर उत्तर आलं असतं. मला बस थांब्यावरचा वारा आठवला.

"त्या ऑफिसातल्याला काय माहीत," मी म्हणालो. "नवीन असेल तो. मॅडम तिथे जेमतेम एक सत्र होत्या. मग दुसऱ्या विद्यापीठाने बोलावून घेतलं त्यांना. मोठ्या."

"व्हय?"

"हो तर."

ती पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने अर्ज ओढला, पेन घेतलं, आणि सूचनांच्या रकान्यात खाली वाकून काहीतरी लिहिलं. वाचायची मला गरज नव्हती, बदलीबद्दलच असणार ते. लिहिता लिहिताच, वर न बघता, ती म्हणाली,

"तिथल्या पोरांनी पाच दिले असनार, सर. त्यास्नी काय म्हाईत."

तिने पुडा उघडून माझ्यापुढे धरला. मी एक पेढा उचलून अख्खाच तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.